खडकातल्या भेगा, आपलं बोअर आणि जमिनीखालचं तेल

पांझराकाठ | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

मी साक्री तालुक्यातला. बावीस वर्षं झाली, तेलविहिरींच्या ड्रिलिंगवर भूवैज्ञानिक म्हणून काम करतोय. थोडी वर्षं गुजरातेत गेली, बाकी समुद्रात. सुट्टीला गावी आलोय आणि काल संध्याकाळी धाकट्या भावाच्या बोअरपाशी बसून जे बोलणं झालं ते इथं मांडावंसं वाटलं.

भावाने मार्चमध्ये बोअर घेतलं. ३२० फूट. २८० फुटांपर्यंत नुसती धूळ उडत होती, गाडीवाले तमिळ पोरं तोंडाला फडकं बांधून उभे. मग बिट एकदम हातभर खाली सटकला, धूळ बसली आणि तीन इंच पाणी उसळून वर आलं. गावात पेढे वाटले. आठव्या दिवशी मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली. बांधापलीकडे चाळीस पावलांवर चुलतभावाचं बोअर आहे, ४५० फूट, ठणठणीत कोरडं. भाऊ मला म्हणाला, "दादा, तू तेल शोधस ना, मंग हाई कसं व्हयनं ते सांग."

त्याला जे सांगितलं तेच सांगतो. आपला काळा पाषाण स्वतः पाणी देत नाही, त्यातली भेग देते. भावाचं बोअर भेगेवर बसलं, चुलतभावाचं चुकलं. पण भेग म्हणजे पाट, तळं नव्हे. पाटात साचलेलं पाणी आठ दिवसांत संपलं. आता पाटाला मागून जेवढं पाझरेल तेवढंच मिळणार.

तेलाचं याहून फारसं वेगळं नाही. जगातला कितीतरी मोठा तेलसाठा भेगाळलेल्या खडकात आहे. पश्चिम आशियातली पहिली व्यापारी तेलविहीर, इराणमधली मस्जिद-ए-सुलेमान, २६ मे १९०८ रोजी लागली ती अस्मारी चुनखडकात, आणि तिथलं तेल वाहतं भेगांमधूनच. १९२७ मध्ये इराकात किर्कुकजवळ बाबा गुरगुरची विहीर फुटली, तेलाचा फवारा दिवसचे दिवस आवरला नाही. तोही भेगाळलेला चुनखडकच. अशा विहिरी पहिल्या दिवशी डोळे दिपवतात, आणि सगळ्यात मोठ्या चुकाही त्यांच्याच बाबतीत होतात.

एक प्रसंग सांगतो. रात्रीचे अडीच वाजलेले. आम्ही चुनखडकात शिरून दोनेक तास झाले होते. ड्रिलिंग करताना भोकात चिखलासारखा जड द्रव फिरवत ठेवतात, त्याला आम्ही मड म्हणतो. तो पाइपातून खाली जातो आणि बाजूने दगडाचा चुरा घेऊन वर येतो. मी केबिनमध्ये स्क्रीनसमोर. टाकीतल्या मडची पातळी दाखवणारी रेघ सरळ चालली होती, ती अचानक खाली वाकली. बाहेर धावलो. चाळणीवर धो धो पडणारा मड करंगळीएवढा झाला होता, आणि मिनिटभरात चाळणी नुसती कोरडी हलत राहिली. खाली घातलेला मड वर येतच नव्हता, कुठंतरी भेगेत चालला होता. ड्रिलरच्या चेहऱ्यावर काळजी होती, कारण भोकातला मड खाली उतरला तर खालचा दाब वर यायला वेळ लागत नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं की भेग सापडली.

पुढे कोअर काढला, म्हणजे दगडाचा अखंड दंडगोल. साध्या उजेडात राखाडी, कोरडा, बघावंसंही वाटू नये असा. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला तर मधोमध नखाच्या ओरखड्याएवढी एक रेघ पिवळीधमक पेटली. बाकीचा सगळा दगड मंद, फिकट पिवळा. नवीन पोरं त्या रेघेकडेच बघत राहतात. पण तेलाचा साठा त्या रेघेत नसतो, तो त्या मंद पिवळ्या भागात असतो.

आकडे घ्या. एक मीटर जाडीचा दगड, त्यात ०.१ मिलिमीटर रुंदीची एकच भेग, साधारण कागदाच्या जाडीची. भेगेची जागा दगडाच्या दहा हजारांत एक भाग. दगडाची स्वतःची सच्छिद्रता, म्हणजे आतल्या बारीक छिद्रांची जागा, १० टक्के धरली तर तेलाचा हजारातला एकच भाग भेगेत आला. आता वाहून नेण्याची ताकद बघा. चुनखडकाची पारगम्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, कित्येकदा १ मिलिडार्सीच्या आसपास असते (मिलिडार्सी हे तिचं माप). या एका भेगेमुळे त्या अख्ख्या मीटरभर दगडाची पारगम्यता, भेगेच्या दिशेने, सुमारे ८४ मिलिडार्सी होते. साठवण हजारात एक आणि वाहतूक चौऱ्याऐंशी पट. शिवाय भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह आठपट. ०.१ ऐवजी १ मिलिमीटर असेल तर हजारपट. म्हणून शेजारच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता अडचण. दाब कमी झाला की तेल बाहेर ढकलायला एका विहिरीतून पाणी घालतात आणि दुसरीतून तेल काढतात. साध्या वाळूच्या खडकात पाणी बऱ्यापैकी सरळ फळी धरून पुढे सरकतं. भेगाळलेल्या खडकात काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. वाफ्यात उंदराचं बीळ असलं की पाटाचं पाणी पिकाला न मिळता बिळातून शेजारच्या शेतात निघतं. घातलेलं पाणी भेगेतून थेट दुसऱ्या विहिरीत येतं आणि तेल मधल्या दगडात जिथल्या तिथं राहतं.

माझ्या डोळ्यांसमोर एक विहीर अशी गेली. कुठली ते सांगत नाही. लागली तेव्हा सगळे खूश, चोक (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणारी झडप) मोठा ठेवला, मिळेल तेवढं ओढलं. भेगा उभ्या होत्या आणि खालच्या पाण्याच्या थरापर्यंत उतरल्या होत्या. जोरात ओढल्यावर पाणी त्यांतून वर चढलं. सात महिन्यांत शंभर पिंपांत नव्वद पाणी. तेल खाली आहे हे आम्हाला माहीत होतं, कोअर माझ्या हातात होता. पण त्या विहिरीतून ते पुन्हा कधी नीट निघालं नाही. मला ते अजून खुपतं.

प्रश्न असतील तर विचारा. आठवडाभर गावीच आहे.

---

रावेर_केळी | रविवार, रात्री १०.२५

दादा, उंदराच्या बिळाचं एकदम पटलं. आमच्याकडे तापीच्या गाळाची जमीन, शेकडो फूट माती-वाळू-गोटे, दगड लागतच नाही. ट्यूबवेल कमी-जास्त सगळ्यांनाच लागते, पण पातळी दर वर्षी खाली चाललीय. म्हणजे आमचं ते वाळूच्या खडकासारखं आणि साक्रीकडचं भेगेसारखं, असंच ना?

एक विचारतो. भेग चांगली की वाईट? तुमचं वाचून दोन्ही वाटलं.

---

पांझराकाठ | रविवार, रात्री ११.०५

भाऊ, बरोबर ओळखलंत. तुमचा गाळ आणि आमचा दगड हाच तो फरक.

चांगली की वाईट, हे भेगेपेक्षा मधल्या दगडावर ठरतं. दगडाला पाणी आवडतं की तेल, हा खरा प्रश्न. कोरडी वीट बादलीत टाकली की बुडबुडे येतात ना? वीट स्वतःहून पाणी ओढते आणि आतली हवा बाहेर टाकते. दगड असा पाणी ओढणारा असेल तर भेगेत आलेलं पाणी बाजूच्या दगडात शिरतं आणि तिथलं तेल भेगेत ढकलतं. मग भेग वैरी राहत नाही. उलट ती पाणी प्रत्येक ठोकळ्याच्या दारापर्यंत पोचवते, पोटचारीसारखी. पण तेलाच्या सहवासात लाखो वर्षं राहून दगडाची आतली बाजू तेलकट झाली असेल तर तो पाण्याला आत घेतच नाही. पाणी भेगेतून नुसतं निघून जातं. चुनखडकात ही दुसरी तऱ्हा फार आढळते.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण म्हणजे नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रातलं एकोफिस्क. १९६९ मध्ये सापडलं. खडक चॉक, म्हणजे खडूचाच. सच्छिद्रता काही ठिकाणी ३० टक्क्यांच्या वर, पण छिद्रं इतकी बारीक की भेगा नसत्या तर तेल हललंच नसतं. सुरुवातीला १७-१८ टक्के तेल निघेल असा हिशेब होता. पाणी घातलं तर ते भेगेतून पळेल अशी सगळ्यांना धास्ती. आधी चाचण्या केल्या, चॉक पाणी ओढतो हे बघितलं आणि १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं. आता तिथं जवळपास निम्मं तेल निघेल असा अंदाज धरतात.

त्या आधी, १९८४ मध्ये, तिथला समुद्रतळच खचतोय हे लक्षात आलं. तेल काढल्याने दाब कमी झाला आणि मऊ चॉक वरच्या वजनाखाली दबला. १९८७ मध्ये समुद्रातले ते अवाढव्य प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर वर उचलले. पाण्याने दाब सावरला, तरी ओला चॉक आणखी मऊ होतो म्हणून खचणं पुष्कळ वर्षं चालूच राहिलं.

---

अंकलेश्वर_शिफ्ट | सोमवार, सकाळी ७.१५

नाइट करून आलोय, थोडक्यात लिहितो. मी नवापूरचा, नोकरी अंकलेश्वरला. इथं १९६० मध्ये तेल लागलं ते वाळूच्या खडकात, त्यामुळे आमच्याकडे पाणी घालायचं गणित त्यामानाने सरळ.

खानदेशातल्या लोकांना एक गोष्ट माहीत असावी. वडोदऱ्याजवळ पादरा म्हणून क्षेत्र आहे, तिथं तेल निघतं ते डेक्कन ट्रॅपमधून. आपल्या डोंगरातला, आपल्या विहिरीतला तोच काळा दगड. तेल त्या दगडात तयार झालं नाही. वर आणि बाजूला खंबातच्या खोऱ्यातला गाळाचा शेल, म्हणजे चिखलाचा घट्ट दगड, आहे, तिथं तयार होऊन ते ट्रॅपच्या उंचवट्यात, भेगांत आणि झिजलेल्या भागात शिरलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घरच्या विहिरीचा कठडाच आठवला होता.

---

भूशास्त्र_जळगाव | सोमवार, दुपारी १.३०

नमस्कार दादा. मी एम.एस्सी. भूशास्त्राची विद्यार्थिनी. लेख आवडला, पण एक मुद्दा खटकला, तो मांडते.

तुम्ही भावाच्या बोअरची आणि चुनखडकाची तुलना केलीत. चुनखडकात साठा मूळ दगडात असतो आणि भेग तो वाहून आणते. पण ताज्या, घट्ट बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, मूळ दगडात साठवण जवळजवळ शून्य. मग मागून पाझरणार कुठून? माझ्या मते तुमच्या भावाचं बोअर चुनखडकापेक्षा व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रासारखं आहे. तिथं १९८८ पासून ग्रॅनाइटमधून तेल काढतात. ग्रॅनाइट घट्ट, त्यामुळे साठा आणि वाहतूक दोन्ही भेगांतच. आम्हाला शिकवताना असे चार प्रकार सांगतात. भेगाच सगळं करतात तो पहिला. भेगा वाहतूक करतात आणि दगड साठवतो तो दुसरा. दगड मुळात बरा असून भेगा भर घालतात तो तिसरा. आणि चौथ्यात भेगा खनिजांनी बुजून उलट भिंती बनतात. चौथा प्रकार आपल्याकडे डोळ्यांनी दिसतो. जळगावकडच्या खाणींत बसाल्टच्या पोकळ्या आणि फटी झिओलाइट-कॅल्साइटने भरलेल्या असतात. स्फटिक सुंदर, पण ती फट पाण्याच्या उपयोगाची नाही.

आणि भेगा किती खोल जातात हे बघायचं असेल तर चोपड्याजवळ अडावदच्या उनपदेवाला जा. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरून, तापून, पुन्हा भेगेनेच वर येतं. लहानपणी आजीबरोबर तिथं अंघोळीला जायचो. भूशास्त्र घ्यावं असं पहिल्यांदा तिथंच वाटलं.

---

पांझराकाठ | सोमवार, सायंकाळी ६.५०

ताई, तुमचा मुद्दा मान्य. घट्ट बसाल्ट पाणी साठवत नाही, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. भावाच्या बोअरला जे मागून मिळतं ते वरच्या मुरमातून आणि मांजऱ्या दगडातून, म्हणजे जिथं दगड कुजलाय किंवा वायूच्या फुग्यांनी सच्छिद्र झालाय तिथून. ते हळू हळू भेगेत उतरतं. म्हणजे साठा वर, पाट खाली. तेलाच्या भाषेत पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मधलं काहीतरी.

हा फरक शब्दांचा खेळ नाही. पहिल्या प्रकारात विहीर लागते जोरात आणि उतरतेही झपाट्याने, कारण मागे कोठार नाही. दुसऱ्या प्रकारात कोठार भरलेलं आहे, दार अरुंद आहे. पहिल्याला दुसरा समजलात तर नसलेल्या तेलासाठी पैसा घालाल. दुसऱ्याला पहिला समजलात तर असलेलं तेल सोडून निघून जाल.

ओळखायचं कसं? १९६३ मध्ये वॉरन आणि रूट या दोघांनी यासाठी एक मांडणी दिली. त्याआधी १९६० मध्ये बॅरनब्लाट आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांनी पाया घातला होता. खडक म्हणजे साखरेच्या चौकोनी वड्या रचून ठेवल्यात असं धरा. वड्यांमध्ये साठा, मधल्या फटी म्हणजे भेगा. विहीर बंद करून दाब कसा वाढतो ते मोजत राहायचं. आधी भेगा एकमेकींत दाब वाटून घेतात, म्हणजे झटपट चढ. मग मधे एक सपाट टप्पा येतो, त्या वेळी वड्या भेगांना भरत असतात. नंतर दोघी मिळून एकत्र चढतात. कागदावर दोन समांतर रेघा आणि मधे पायरी. ती पायरी कुठं आणि केवढी, यावरून भेगेत किती साठा आणि दगड किती वेगाने देतो हे काढता येतं. प्रत्यक्षात विहीर नेहमी इतकी शहाण्यासारखी वागत नाही, पण पायरी स्पष्ट दिसली की मन निश्चिंत होतं.

घाईचे दोन दाखले देतो. टेक्सासमधलं स्प्रेबेरी १९४९ मध्ये सापडलं. बारीक गाळाचा दगड, पारगम्यता १ मिलिडार्सीच्याही खाली, भेगा भरपूर. विहिरी आधी जोरात आणि लगेच मलूल. तेल अफाट, पण कित्येक वर्षांनी हिशेब केला तर निघालेलं दहा टक्क्यांच्या आसपास. दुसरं मेक्सिकोचं कांतारेल. रुदेसिंदो कांतारेल नावाच्या कोळ्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला, त्याचंच नाव क्षेत्राला दिलं. भेगाळलेला, फुटलेला चुनखडक. दाब टिकवायला २००० पासून नायट्रोजन सोडला आणि २००४ च्या सुमारास रोज २१ लाख पिंपं निघाली. पाच वर्षांत उत्पादन निम्म्याच्याही बरंच खाली आलं. नायट्रोजन घालणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. भेगाळ खडकात वरून वायू सोडणं ही चांगली युक्ती आहे. भेगांत वायू भरला की ठोकळ्यातलं तेल स्वतःच्या वजनाने खाली ठिबकतं. पण ठिबकायला वेळ लागतो. वायूची आणि तेलाची सीमा खाली सरकत येते आणि विहिरीपर्यंत पोचली की ती विहीर संपली. ठिबकण्याच्या वेगाने काढायचं की बाजाराच्या वेगाने, हा निर्णय माणसांचा असतो.

---

शिरपूरकर | सोमवार, रात्री ९.१०

पांझराकाठ भाऊ, आमच्याकडे विहिरीत आडवे बोअर मारतात. उभी विहीर ४० फूट, तळाशी चहूबाजूंनी शंभर-शंभर फूट आडवी भोकं. माझ्या विहिरीत पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं बोअर कोरडं गेलं, उत्तरेकडच्याला धार लागली. तेलात असं काही करतात का?

---

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९.५५

करतात, आणि कारण अगदी तुमच्या विहिरीचंच. भेगा बहुधा उभ्या असतात. उभं बोअर उभ्या भेगेला समांतर जातं, लागलं तर नशीब. आडवं बोअर आडवं कापत जातं, एकात दहा भेगा सापडू शकतात. म्हणून तेलात आता मैलभर आडव्या विहिरी घेतात.

उत्तरेकडचंच का लागलं, याचा अंदाज सांगतो. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून लांबच लांब डाइक गेलेत, आपल्या माळावर काळ्या दगडाची भिंत रचल्यासारख्या टेकड्या दिसतात ना, त्या. त्यांतल्या पुष्कळांची दिशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम, तापी-नर्मदेच्या प्रवाहाला धरून. तुमच्या भागातल्या मुख्य भेगाही त्याच दिशेच्या असतील तर पूर्व-पश्चिम बोअर त्यांना समांतर गेलं आणि उत्तरेकडचं आडवं कापून गेलं. गावात आणखी चार विहिरींची माहिती काढा, कुठल्या दिशेचं आडवं बोअर लागलं ते वहीत लिहा. हेच काम आम्ही भोकात कॅमेऱ्यासारखी उपकरणं सोडून करतो, भेगेची दिशा आणि कल मोजतो.

दिशेचा आणखी एक उपयोग. पाणी घालायची विहीर आणि तेल काढायची विहीर एकाच भेगेच्या रेषेत ठेवायची नाही. ठेवली की उंदराचं बीळ तुम्ही स्वतःच खणलं. शक्यतो पाण्याच्या विहिरींची रांग भेगेला समांतर ठेवायची, म्हणजे पाणी आधी त्या रांगेत पसरतं आणि मग आडवं, दगडातून, तेल ढकलत सरकतं.

आणि भेग कायम उघडीच राहील असं नाही. आतला दाब तिला तोलून धरतो. तेल काढून दाब उतरला की वरचा-बाजूचा खडक तिला मिटवतो. रुंदी निम्मी झाली तर प्रवाह आठवा हिस्सा. एकदा घट्ट मिटलेली भेग नंतर दाब वाढवला तरी पूर्वीसारखी उघडेलच असं नसतं.

---

रावेर_केळी | मंगळवार, सकाळी ६.४०

मग नको असलेली भेग बुजवता येत नाही का?

---

भूशास्त्र_जळगाव | मंगळवार, सकाळी ११.२०

येते. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपाच्या बोअरमध्ये जलभंजन करते, म्हणजे जोराने पाणी दाबून बुजलेल्या भेगा मोकळ्या करते. याच्या उलटा प्रकारही आहे, फ्रॅक्चर सील सिमेंटेशन. जमिनीखालून भेगेवाटे वाहून जाणारं पाणी सिमेंट भरून अडवायचं. तेलात सिमेंटऐवजी पॉलिमरचा जेल भरतात. तो आधी पाण्यासारखा पातळ, सहज भेगेत शिरतो आणि आत जाऊन घट्ट होतो. जेल भेगेतच रहावा, दगडाच्या छिद्रांत शिरू नये, हे मात्र सांभाळावं लागतं.

---

अमळनेरचे_मास्तर | मंगळवार, सायंकाळी ५.३०

मी शाळेत भूगोल शिकवतो. परवा पांझराकाठ यांनी विटेचं लिहिलं ते वाचून आज आठवीच्या वर्गात करून पाहिलं. भट्टीवरून आणलेल्या दोन कोरड्या विटा. एक तशीच ठेवली. दुसरीला रात्रीच शेंगदाण्याचं तेल पाजलं होतं, पिईल तेवढं, सकाळी फडक्याने पुसून घेतली. दोन्ही काचेच्या पेटीत पाण्यात सोडल्या.

साध्या विटेने आल्याआल्या बुडबुडे सोडले, मुलांना आवाजसुद्धा ऐकू आला. तेल प्यायलेली वीट गप्प. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मुलं म्हणाली, सर, हिच्यातलं तेल निघतच नाही. मग मी पेटीतलं पाणी ढवळलं, जोराने फिरवलं, म्हणजे भेगेतून पाणी पळतंय असं समजा. तरी विटेवर नुसते चार थेंब. एका मुलीने मधल्या सुट्टीत भांडी घासायच्या पावडरीचं पाणी आणून ओतलं. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. "सर, तेलकट डबा कसा निघतो, तसं." शेवटच्या तासाला बघितलं तर विटेच्या वरच्या अंगाला मोहरीएवढे थेंब फुटून आले होते आणि पाण्यावर तवंग धरला होता.

तेलवाले असं काही करतात का, असं ती विचारते आहे. तिला उद्या उत्तर द्यायचंय.

---

पांझराकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.०५

मास्तर, तिला सांगा की करतात, आणि ती बरोबर त्याच ठिकाणी पोचली जिथं मोठमोठ्या प्रयोगशाळा काम करतायत. पाण्यात साबणासारखे पदार्थ मिसळून सोडतात. ते दोन कामं करतात. तेल आणि पाणी यांच्यातला ताण कमी करतात, आणि तेलकट दगडाला पाण्याची गोडी लावतात. मग तो पाणी ओढायला लागतो. अडचण खर्चाची आहे, आणि बरंचसं रसायन दगडाला चिकटून वाया जातं. म्हणून काही ठिकाणी पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण बदलूनच तो परिणाम साधायचा प्रयत्न चालू आहे.

तिचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. तिला म्हणावं, ती वीट फोडून बघ. बाहेरचं किती बोट तेल निघालं आणि आत किती राहिलं ते रंगावरून दिसेल. कोअरचं आम्ही तेच करतो.

---

नंदुरबारी | मंगळवार, रात्री ८.४५

सगळा धागा वाचला. एकच विचारतो. पादऱ्याच्या ट्रॅपमध्ये तेल आहे तर आपल्या खाली का नसावं?

---

अंकलेश्वर_शिफ्ट | बुधवार, सकाळी ७.३०

नुसता भेगाळ दगड पुरत नाही भाऊ. तेल तयार करणारा गाळाचा दगड हवा, तो पुरेसा तापलेला हवा, तेल शिरायला वाट हवी आणि वर झाकण हवं. पादऱ्याला खंबातचा शेल शेजारीच आहे. आपल्याकडे पृष्ठभागापासून ट्रॅपच ट्रॅप. ट्रॅपच्या खाली नर्मदा-तापी पट्ट्यात काही ठिकाणी त्याहून जुने गाळाचे खडक असावेत असं भूभौतिक सर्वेक्षणांवरून मानतात. पण खडक असणं आणि तेल असणं यात फार अंतर आहे. आजवर खानदेशात विकण्याजोगं तेल निघालेलं नाही. कुणी "तुमच्या शेतात तेल आहे" म्हणून पैसे मागायला आला तर दारातूनच परत पाठवा.

---

पांझराकाठ | गुरुवार, रात्री ९.२०

भावाच्या बोअरचं काम कालपासून सुरू केलंय, ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी लिहितो.

सुतळीला हातहातावर गाठी मारल्या, खाली नट बांधला. मोटर एक तास चालवून बंद केली आणि पाणी किती फुटांवर आहे ते मोजत बसलो. भाऊ दोरी सोडायचा, पाण्याला नट लागला की टपकन आवाज यायचा, पुतणी मोबाइलवर वेळ बघून वहीत लिहायची. मोटर बंद केली तेव्हा पाणी २६० फुटांवर. पहिल्या दहा मिनिटांत २०५ वर आलं. भाऊ म्हणाला, पाहा, भरलं. मी म्हटलं, थांब. पुढच्या दीड तासात फक्त अकरा फूट चढलं. जवळजवळ थांबल्यासारखंच. भाऊ उठून जायला निघाला होता. मग पुन्हा हळूहळू चढायला लागलं आणि पहाटे चारला १४० वर होतं.

कागदावर मांडलं. झटपट चढ, सपाट टप्पा, मग पुन्हा चढ. एका बोअरवरून आणि सुतळीवरून मी फार मोठा दावा करणार नाही, केसिंगचा (बोअरमध्ये घातलेल्या पाइपाचा), शेजारच्या मोटरींचा परिणामही असू शकतो. पण वरून मुरमातलं पाणी भेगेत उतरतंय हे मला तरी पटलं. म्हणजे कोठार आहे, दार अरुंद आहे.

भावाला सांगितलं, पाच एचपीची मोटर काढ, तीनची बसव. एकदम दोन तास चालवू नकोस. पाऊण तास चालव, पाच तास थांब, दिवसातून तीनदा. खालपर्यंत उपसून हवा ओढू देऊ नकोस. आणि पावसाळ्यात बांधाच्या वरच्या अंगाला, जिथं मुरूम उघडा आहे, तिथं चर खण. तो पटकन हो म्हणाला नाही. "इतलं दिन थांबाले पीक थांबी का?" असं म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खरंच आहे, गव्हाला पाणी तेव्हाच लागतं जेव्हा लागतं. शेवटी ठरलं की अर्धा एकर कमी पेरायचं आणि बाकीच्याला ठिबक.

आज पुतणीने स्वतःहून दोरी मागून घेतली. पहाटे चारला मी उठवायचं आणि तिने मोजायचं असं ठरलंय. शनिवारी मी परत जातोय, त्याआधीचे तीन दिवसांचे आकडे इथंच टाकतो. मास्तर, तुमच्या त्या मुलीने वीट फोडली की किती बोट ते कळवा.

---

अमळनेरचे_मास्तर | गुरुवार, रात्री १०.१५

फोडली. बाहेरचं अर्धं बोट फिकट, आत सगळं गडद. ती म्हणते, आणखी दोन दिवस ठेवायला हवी होती. उद्या दुसरी वीट लावतोय.